फुकटच्या गेममध्ये खिशात हात कधी जातो?

प्रश्न : गोळ्या जुळवायचा एक गेम दोन महिने फुकट खेळलो. परवा रात्री एकदम ८९ रुपये दिले आणि चार दिवसांत आकडा ६०० च्या वर गेला. माणूस नेमका कोणत्या घडीला पैसे टाकतो? लहान भावाच्या हातातही माझाच फोन असतो. – एक वाचक, चोपडा

उत्तर : दादा, अशा गेममधले बहुतेक खेळाडू शेवटपर्यंत छदामही देत नाहीत. जे देतात, ते बऱ्याचदा हातातोंडाशी आलेलं निसटायला लागलं की देतात. दोन गोळ्या उरल्या, चाली संपल्या आणि पडद्यावर ‘आणखी ५ चाली’ आलं, ही ती घडी. तेच वीस गोळ्या उरल्या असत्या, तर माणूस फोन ठेवून झोपतो.

दुसरी घडी वाट पाहण्याची. ‘कँडी क्रश’मध्ये ५ लाइफ असतात आणि गेलेली एक परत यायला ३० मिनिटं लागतात, म्हणजे पाचही भरायला अडीच तास. मे महिन्यात जळगावकडच्या दुपारी घराबाहेर पाय ठेवता येत नाही, तेव्हा हे अडीच तास फार लांब वाटतात.

पहिली खरेदी मुद्दाम स्वस्त ठेवलेली असते. यूपीआय जोडायचा कंटाळा हाच खरा बांध. तो एकदा फुटला की दुसरी खरेदी दोन टिचक्यांत होते. तुमचे ६०० असेच गेले असणार.

मग हिऱ्यांचा, म्हणजे पैसे देऊन घ्यायच्या गेममधल्या चलनाचा हिशेब. समजा ८९ रुपयांत १०० हिरे मिळतात आणि हवी ती वस्तू १२० हिऱ्यांची आहे. दोन पॅक घ्यावे लागतात, १७८ रुपये जातात आणि ८० हिरे उरतात. ते वाया जाऊ नयेत म्हणून तिसरा पॅक! नशिबाच्या पेट्या, म्हणजे उघडेपर्यंत आत काय आहे ते कळत नाही अशा, तर याहून वाईट. वस्तू निघायची शक्यता १ टक्का असेल, तर १०० पेट्या उघडूनही १०० पैकी सुमारे ३७ जण रिकाम्या हातानं उठतात. ‘शंभराव्याला मिळेलच’ हा नुसता भ्रम. काही गेम ठरावीक पेट्यांनंतर वस्तू नक्की देतात, पण तसं नियमात लिहिलेलं असेल तरच धरा.

भावासाठी : अँड्रॉइड फोन असेल तर प्ले स्टोअरमध्ये वरच्या कोपऱ्यातल्या फोटोवर टिचकी मारून सेटिंग्जमध्ये जा आणि खरेदीची पडताळणी ‘प्रत्येक वेळी’ करा. लोक ‘दर ३० मिनिटांनी’ ठेवतात आणि तिथेच फसतात, कारण तुम्ही एकदा पासवर्ड टाकलात की पुढचा अर्धा तास फोन कुणालाच विचारत नाही. यूपीआय पिन पोराला माहीत असेल तर तोही बदला.

चुकून गेलेले पैसे मागायचे असतील तर ४८ तासांच्या आत गुगल प्लेवरच परताव्याचा अर्ज करा. त्यानंतर सहसा गेम बनवणाऱ्यालाच लिहावं लागतं, आणि हिरे वापरून झाले असतील तर तो बहुधा नाहीच म्हणतो.