हिवाळी थर्मल (तापमानानुसार रंग बदलणाऱ्या) नेलपॉलिशचे परीक्षण प्लास्टिकच्या स्वॉच-काडीवर (रंगाचा नमुना लावून पाहण्याच्या काडीवर) करता येईल का?

नाही, इंडी (लहान, स्वतंत्र) ब्रँडच्या हिवाळी संग्रहातील थर्मल नेलपॉलिशचा स्वॉच खऱ्या, शक्यतो थोड्या वाढलेल्या नखांवरच घ्यावा. अशा पॉलिशमधील सूक्ष्म कुप्यांत ल्यूको रंगद्रव्य (रंगीत आणि रंगहीन अशी दोन्ही रूपे घेऊ शकणारे), त्याला रंग आणणारे आम्लधर्मी द्रव्य आणि ठरावीक तापमानाला वितळणारा मेणासारखा पदार्थ असतो. तो वितळला की रंगद्रव्य रंगहीन होऊन पॉलिशची मूळ छटा दिसू लागते, त्यामुळे उबदार बोटावर फिकट आणि पुढे आलेल्या थंड टोकावर गडद असा जो दुरंगी उतार मिळतो, तो सगळीकडे सारख्याच तापमानाच्या काडीवर दिसूच शकत नाही. परीक्षणात बर्फाच्या पाण्यात बोटे बुडवून पुसल्यानंतरचे, कोमट पाण्यानंतरचे आणि काहीही न करता घेतलेले अशी तीन छायाचित्रे द्यावीत. तिसरे अनेकदा वगळले जाते, पण ग्राहकाला प्रत्यक्षात तेच रूप दिवसभर दिसणार असते. थर किती दिले आणि टॉप कोट (सर्वांत वरचा पारदर्शक थर) होता की नव्हता, हेही नोंदवावे. मात्र अतिनील किरणांमुळे हा रंगबदल काळानुसार मंदावतो, त्यामुळे उन्हात राहिलेल्या जुन्या बाटलीवरून नव्या बाटलीविषयी मत देऊ नये.