विकण्यापूर्वी क्लॅरिनेटचा सूर तपासा. बॅरल बदलू नका

आजोबांची काळी क्लॅरिनेट, तिच्यावरची पुसट झालेली 'हॉक्स अँड सन' ही अक्षरे, शेजारच्या हार्मोनियमशी ती जुळत नसल्याची तक्रार आणि "बॅरल नवीन बसवून देतो, मग चांगली किंमत येईल" असे सांगणारा कारागीर (बॅरल म्हणजे फुंकायच्या माऊथपीसखालचा नळीचा छोटा तुकडा), आणि विकण्यापूर्वी ते बदलावे का ही शंका, हे सारे आपल्या प्रश्नात वाचले आणि नऊ वर्षांपूर्वी नाशिकच्या भद्रकालीतल्या एका दुकानाच्या पायरीवर वाद्याची पेटी मांडीवर घेऊन बसलेलो मी मला आठवलो. मी वादक नाही आणि व्यापारीही नाही; एका वाद्यापायी जे शिकलो तेवढेच लिहितो आहे. सांधे, म्हणजे नळीचे सुटे तुकडे, कसे जोडावेत, रीड (फुंकताना कंप पावणारी पातळ पट्टी) कशी बांधावी हे आपणास ठाऊक असेल असे धरतो.

आमची क्लॅरिनेट चुलत्यांची होती. ते लग्नाच्या बँडमध्ये वाजवीत आणि देवळालीच्या छावणीतून निघालेल्या जुन्या सामानात ती मिळाल्याचे सांगत. त्यांच्या पश्चात ती विकायचे ठरले, तेव्हा पुण्यातील एका संग्राहकांनी नुसत्या छायाचित्रांवरून अठरा हजार रुपये सांगितले होते. तेवढ्यावर थांबलो असतो तर बरे झाले असते. पण बेसूर वाद्य लोकांच्या हाती कसे द्यावे, असा शहाणपणा मला सुचला. भद्रकालीतल्या त्या दुकानातल्या कारागिराने दोन सूर ऐकले, "लाकूड चढले आहे" असे निदान केले आणि मूळ बॅरलपेक्षा लांब असे शिसवीचे बॅरल लेथवर काढून दिले. जुन्या बॅरलच्या दोन्ही कड्या उचकटून त्याने नव्यावर चढवल्या आणि उरलेला लाकडाचा तुकडा कुठे गेला हे मी त्या दिवशी विचारलेही नाही. या सगळ्याचे मी साडेतीन हजार मोजले.

संग्राहक नाशिकला आले तेव्हा त्यांनी वाद्य वाजवून पाहिले नाही. बॅरल काढून खिडकीच्या उजेडात धरले आणि आतल्या भिंतीवर लेथच्या पात्याने उमटलेली वलये मला दाखवली. मग मूळ बॅरलची चौकशी केली. दोन दिवसांनी मी दुकानात गेलो तोवर ते भंगारात गेले होते. क्लॅरिनेट अखेर सहा हजारांना गेली. कारागिराला मी दोष देत नाही असे बरीच वर्षे म्हणत आलो, पण खरे सांगायचे तर देतो. जे वाद्य आपल्याला ओळखता येत नाही ते कापायला घेऊ नये, एवढी अपेक्षा गैर नव्हती. माझा दोष त्याहून मोठा, कारण कापायला दिले मी.

झाले होते ते असे. आज बहुतेक ठिकाणी धरला जाणारा, ए (हार्मोनियमची पांढरी सहा) सेकंदाला ४४० कंपनांवर ठेवणारा सूर १९३९ साली लंडनच्या परिषदेत ठरला. त्याआधी ब्रिटिश लष्करी बँड बराच काळ सुमारे ४५२ कंपनांच्या चढ्या सुरावर वाजत, आणि त्यांच्यासाठी केलेल्या क्लॅरिनेटी आखूड असत. हा फरक जवळपास पाव सुराचा असतो, म्हणजे हार्मोनियमच्या दोन लगतच्या पट्ट्यांच्या बरोबर मध्ये अडकणारा. अशी क्लॅरिनेट बिघडलेली नसते, ती तशीच घडवलेली असते. नळीवरची सगळी छिद्रे त्या आखूड लांबीच्या हिशेबाने पाडलेली असल्यामुळे वरच्या टोकाला बॅरल लांबवले की बॅरलजवळच्या छिद्रांतून निघणारे सूर जास्त उतरतात, खालचे कमी उतरतात आणि वाद्य स्वतःशीच बेसूर होते.

म्हणून आधी मोबाइलवरचा ट्यूनर घ्या. मागचे छिद्र डाव्या अंगठ्याने आणि पुढची वरची तीन छिद्रे डाव्या हाताच्या बोटांनी झाका, बाकीची मोकळी ठेवा आणि सूर धरा. नेहमीच्या बी-फ्लॅट क्लॅरिनेटवर काळी पाच दिसायला हवी, ए क्लॅरिनेटवर पांढरी सहा. काटा दोन सुरांच्या मध्येच घुटमळत असेल आणि इतर सुरांवरही तेच होत असेल, तर ती चढ्या सुराची समजा. आजच्या बी-फ्लॅट क्लॅरिनेटची लांबी माऊथपीस वगळून साधारण साठ सेंटिमीटर भरते. चढ्या सुराची दीड-दोन सेंटिमीटरने कमी. काही वाद्यांवर 'एचपी' (हाय पिच, चढा सूर) किंवा 'एलपी' (लो पिच, उतरता सूर) अशी अक्षरे कोरलेलीही असतात आणि बऱ्याचदा ती नेमकी बॅरलवर असतात, हे मला बॅरल गेल्यावर कळले.

नावाबद्दल थोडेसे. हॉक्स अँड सन ही वाद्ये घडवणारी इंग्लिश कंपनी १९३० साली बूझी कंपनीत मिसळली, तेव्हा नुसते 'हॉक्स अँड सन' असेल तर वाद्य बहुधा त्याआधीचे धरता येते. मात्र वाद्यावर विक्रेत्याचे नाव असून घडवणारा दुसराच, असेही सर्रास होत असे. त्यापेक्षा वरच्या व खालच्या सांध्यावरचा क्रमांक एकच आहे का ते भिंगातून पाहा. तो वेगळा असेल तर दोन वाद्यांचे एक केलेले आहे. उजव्या करंगळीखाली चार चाव्या असतील तर ती बोम पद्धतीची, म्हणजे चाव्यांच्या आजच्या मांडणीची, आणि सूर चढा नसेल तर आजच्या विद्यार्थ्याला चालणारी. दोनच असतील तर जुन्या पद्धतीची. तिला वादक क्वचित, संग्राहकच जास्त विचारतात, आणि संग्राहकाला प्रत्येक तुकडा मूळचा लागतो. माझे मत विचाराल तर चढ्या सुराच्या वाद्यावर विकण्यापूर्वी एक रुपयाही खर्च करू नये. व्हायोलिनसारखी क्लॅरिनेट वयाने महाग होत नाही, तेव्हा "शंभर वर्षांची आहे" या वाक्याचे पैसे कोणी देत नाही.

उलट त्या वाक्याने अडचण होऊ शकते. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षे ही मर्यादा आहे आणि पुरावशेष खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. मी वकील नाही. पण परदेशी गिऱ्हाईक मिळाले तर पार्सल करण्याआधी जाणकाराला विचारा.

आणखी दोन गोष्टी. आमच्या क्लॅरिनेटच्या चाव्यांखाली खंडेनवमीचे हळदकुंकू वर्षानुवर्षे घट्ट बसले होते. आपल्याकडेही असेल तर कोरड्या मऊ ब्रशाने झटका, पितळ उजळायची पावडर लावू नका. आणि फार दिवस न वाजलेले लाकडी वाद्य डिसेंबरच्या नाशिकच्या पहाटे एकदम जोर लावून फुंकू नका; आतून उबदार दमट श्वास आणि बाहेरून थंड लाकूड, यानेच वरचा सांधा तडकतो. ट्यूनरची चाचणीसुद्धा दुपारी आणि दोन-तीन मिनिटांतच आटपा.

कारागिराकडे वाद्य अजून ठेवलेले असेल तर आज संध्याकाळीच जाऊन घेऊन या, आणि पेटी बंद करण्यापूर्वी मूळ बॅरल कड्यांसह आत आहे ना, ते मोजून पाहा.