करडई पेरताना चिमूटभर कॉसमॉस

मागच्या अंकात शेवंतीचं उत्तर देता देता मी कॉसमॉसचं नाव घेतलं आणि या महिन्यात आलेल्या प्रश्नांतले निम्मे त्याचेच निघाले, म्हणून गुलाबवाले आणि मोगरावाले थोडं थांबा, आज फक्त कॉसमॉस हे फुलझाड.

जूनमध्ये पहिल्या पावसावर गुलाबी कॉसमॉसचं बी टाकलं. आता सप्टेंबर लागला, झाडं माझ्या डोक्याच्या वर गेली, हिरवीगार आहेत पण एक कळी नाही. शेणखत दिलं, युरिया पण दिला. अजून काय द्यावं? (एक वाचक, औसा)

काहीच देऊ नका भाऊ. दिलंय तेच जास्त झालंय.

हसू नका, पहिल्या वर्षी मी पण हेच केलं होतं. घरी सोयाबीनची उरलेली खताची पिशवी पडलेली, म्हटलं वाया कशाला घालवायची, दिली टाकून वाफ्यात. झाडं अशी माजली की शेजारच्या काकू विचारायला लागल्या ज्वारी पेरली का म्हणून, आणि एका रात्री वारं सुटलं तर सकाळी सगळी आडवी. फूल एक नाही. युरियात नत्र असतं, नत्रानं पाला वाढतो, आणि झाडाला बुडाशी सगळं आयतं मिळायला लागलं की ते फुलायची घाई कशाला करेल?

कॉसमॉस मूळचा मेक्सिकोकडचा. हलक्या जमिनीवर, बेताच्या पाण्यावर वाढणारं झाड आहे हे. आपल्याकडं त्याचा जवळचा भाऊबंद शोधायचा तर तो गुलाब नाही, करडई आहे. खरंच, एकाच कुळातले दोघं, सूर्यफूल, झेंडू, शेवंती पण त्यातलेच. करडईला आपण कधी लाड करतो का? रब्बीला ओलीवर पेरली की सोडून देतो. कॉसमॉसला तसंच वागवा, एवढं जरी ध्यानात ठेवलं तरी माझी निम्मी उत्तरं वाचायची गरज नाही.

दुसरी गोष्ट तुमच्या पेरणीच्या वेळेची. गुलाबी, पांढरा, राणी रंगाचा जो कॉसमॉस, बडीशेपेसारख्या बारीक पानांचा, त्याला लहान दिवस मानवतात. आपल्या भागात जूनचा दिवस 13 तासांच्या वर असतो आणि डिसेंबरचा 11 तासांवर येतो. दिवस मोठा असला की झाड उंच होत बसतं, दिवस लहान व्हायला लागले की कळ्या धरतं. म्हणजे तुमची झाडं वाया गेली नाहीत, ऑक्टोबरात फुलतील. फक्त आता पाणी कमी करा, खत पूर्ण बंद, आणि बांबूच्या काठ्या रोवून सुतळीनं सैल बांधून घ्या, नाहीतर परतीचा पाऊस आडवं करील. पुढच्या वर्षी मृगात टाकू नका, उत्तरा संपता संपता नाहीतर हस्तात टाका, साधारण सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. करडई पेरायची वेळ आणि ही एकच. तेव्हा लावलेलं झाड तीन-चार फुटांतच फुलायला लागतं, आणि बी टाकल्यापासून 8 ते 10 आठवड्यांत, म्हणजे डिसेंबरात, अंगण भरलेलं असतं.

एकाच पाकिटातलं बी, एकाच दिवशी लावलं. मागच्या अंगणातली झाडं फुलून गेली, गेटजवळची अजून नुसतीच उभी. माती तीच, पाणी तेच. नजर लागली असं सासूबाई म्हणतात. (एक वाचक ताई, परभणी)

सासूबाईंना नमस्कार सांगा आणि गेटवर रात्रभर दिवा जळतो का ते बघा. मला तरी तोच संशय आहे. झाड दिवस मोजत नाही ताई, रात्र मोजतं, सलग अंधार किती तास मिळाला ते. गेटचा पांढराफक्क एलईडी किंवा समोरचा रस्त्यावरचा दिवा डोक्यावर असला की झाडाची रात्र होतच नाही, आणि कळ्या लांबतात. रस्त्यावरचा दिवा तुम्ही बंद करू शकत नाही, पण घरचा दहा वाजता बंद करून बघा, नाहीतर पुढच्या वर्षी गेटजवळ झेंडू लावा आणि कॉसमॉस मागं न्या. दिवा नसेलच तर मग तिथं दुपारची सावली पडते का बघा, सहा तास तरी उघडं ऊन पाहिजे.

दोनदा बी टाकलं, दोनदा उगवलं नाही. आमची काळी माती आहे. बी खराब का माती खराब? (एक वाचक, मुदखेड, जि. नांदेड)

आधी बी तपासा, त्याला काही लागत नाही. पेरणीच्या आधी सोयाबीनची उगवण बघायला ओल्या गोणपाटात दाणे गुंडाळून ठेवतो ना, तसंच. दहा बिया ओल्या सुती फडक्यात ठेवा, फडकं डब्यात, डबा सावलीत. आठवड्यात सहा-सातना कोंब आले तर बी चांगलं आहे, दोनच आले तर पाकीट जुनं. मी एकदा घरपोच मागवलेल्या पाकिटातलं बी असंच तपासलं होतं, दहात एक उगवलं, आणि त्या विक्रेत्याला फोटो पाठवला तर उत्तर आलं की पाणी कमी पडलं असेल. ओल्या फडक्यात!

पण मला वाटतं तुमचा घोटाळा मातीचाच आहे. म्हणजे माती खराब नाही, काळी माती सोनं आहे, पण नाजूक बियाला ती झेपत नाही. पाणी दिलं की चिखल, वाळली की वर पापडी धरते, आणि कोंब त्या पापडीखालीच दम तोडतो, नाहीतर भेग पडून बी आत कुठं जातं देव जाणे. कॉसमॉसचं बी वरवर टाकायचं, अर्धा सेंटीमीटर, जास्तीत जास्त एक. माझी पद्धत सांगते. वाफा जमिनीपासून वीतभर उंच करायचा, वरच्या थरात एक टोपलं काळी माती, एक टोपलं वाळू आणि अर्धं टोपलं चांगलं कुजलेलं, चाळलेलं शेणखत. एवढं खत पुरे, नंतर काही नाही. कडेनं बोटानं रेघ ओढायची, चार-चार बोटांवर बी ठेवायचं, वरून चाळलेलं खत आणि वाळू भुरभुरायची, माती नाही. पाणी झारीनं, पाइप लावला की सगळं बी एका कोपऱ्यात गोळा झालंच म्हणून समजा. पाच ते दहा दिवसांत उगवतं. चार पानं आली की फुटाफुटावर एक झाड ठेवून बाकीची संध्याकाळच्या वेळी उचलून दुसरीकडं लावा, जगतात. दाट ठेवायचा मोह होतो, मलाही होतो, पण दाट झाडांत हवा खेळत नाही आणि थंडीत पानांवर पांढरी भुरी येते.

गच्चीवर कुंडीत येईल का? पाणी बोअरचं आहे, कुंड्यांवर पांढरा थर येतो. (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

येईल, पण बुटकी जात घ्या, पाकिटावर सोनाटा लिहिलेलं असतं ती दीड-दोन फुटांत राहते. सेन्सेशन नावाची उंच जात गच्चीवर नको, ती चार फूट होते आणि गच्चीवरचं वारं तिला टिकू देत नाही. बारा इंची कुंडीत दोन झाडं, तिसरं नको.

पाण्याचं मात्र जरा बघा. तो पांढरा थर क्षारांचा आहे. पावसाळ्यात पत्र्यावरचं पाणी बॅरलमध्ये धरून ठेवलं तर रोपं लहान असेपर्यंत तेच वापरा. एसीचं टपकणारं पाणी चालतं, त्यात क्षार नसतात. आरओच्या मशीनमधून बाहेर पडणारं पाणी बायका मोठ्या हौसेनं झाडांना घालतात, वाया जाऊ नये म्हणून, आणि ते पटतं पण, 2016 ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलेलं बघितलंय आपण, थेंब टाकवत नाही. पण त्या पाण्यात क्षार आणखी जास्त असतात, कुंडीला ते नको, त्यानं फरशी पुसा. कूलरमध्ये उरलेल्या पाण्याचंही तेच. आणि बोअरचंच द्यायचं तर रोज थोडं थोडं देऊ नका, माती वरून वाळली की खालच्या भोकातून वाहीपर्यंत एकदाच द्या, म्हणजे साठलेले क्षार धुऊन जातात.

महालक्ष्म्यांच्या वेळी घरची फुलं पाहिजेत. कॉसमॉस येईल का तोपर्यंत? (एक वाचक काकू, अंबाजोगाई)

गुलाबी नाही काकू, पिवळा-केशरी येईल. ती वेगळी जात आहे, पानं जरा रुंद, उन्हाला आणि पावसाला काटक. जूनच्या शेवटी बी टाकलं की भाद्रपदात फुलं हातात. दिवाळीला पाहिजे असतील तर ऑगस्टमध्ये परत एक मूठ टाका. फुलं हारात ओवायला जाऊ नका, पाकळ्या लगेच मलूल होतात, फुलदाणीत किंवा तांब्यात ठेवा, पहाटे तोडून.

एक विनंती, याच्या बिया शेताच्या बांधावर, डोंगरावर हौसेनं फेकू नका. बी कपड्याला चिकटतं, वाऱ्यापावसानं पसरतं. पुण्याकडच्या टेकड्यांवर हाच पिवळा कॉसमॉस मोकाट झालाय आणि तिथल्या रानफुलांची जागा खातोय, लोकांना तो उपटत बसावं लागतं. कुंपणाच्या आत ठेवा.

बी घरी धरता येतं का? मागच्या वर्षी धरलं तर सगळे रंग बदलून आले. (एक वाचक, उमरगा, जि. धाराशिव)

येतं. बाहेरच्या आठ रंगीत पाकळ्यांना बी धरत नाही, ते मधल्या पिवळ्या ठिपक्यात धरतं. फूल झडलं की तिथं सुयांचा झुबका दिसतो, हिरवा असताना तोडायचा नाही, तपकिरी काळा होऊन हाताला कडक लागला की दुपारच्या उन्हात काढायचा, चिमण्यांच्या आधी. चार दिवस सावलीत वाळवून कागदाच्या पुडीत ठेवा, पुडीवर साल लिहा. प्लास्टिकची पिशवी नको. रंग बदलतात कारण मधमाशा या झाडावरून त्या झाडावर जातात, पांढरंच पाहिजे असेल तर अंगणात पांढरंच लावावं लागेल. मला तर बदललेलेच आवडतात, एकदा पांढऱ्यावर गुलाबी कड असलेलं आलं होतं, विकतच्या पाकिटात तसं मिळालं नाही परत. बियासाठी दोन-तीन झाडं सोडा, बाकीच्यांची सुकलेली फुलं खुडत राहा, म्हणजे फेब्रुवारीपर्यंत बहर चालतो.

शेंड्याला काळे बारीक किडे चिकटलेत. (एक वाचक, गंगाखेड, जि. परभणी)

मावा. करडईवर येतो तसाच. सकाळी पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुऊन काढा, तीन दिवसांनी परत. राहिलाच तर लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि दोन थेंब भांड्याचा साबण, संध्याकाळी मारा, मधमाशा गेल्यावर.

कॉसमॉस फूटभर झाला होता, काल शेळीनं सगळे शेंडे खाल्ले. आता उपटून टाकू का? शेळीला काही होईल का? (एक वाचक, केज, जि. बीड)

शेळीला काही होत नाही आणि कॉसमॉसला पण नाही. झाड फूटभर झालं की शेंडा खुडा म्हणून मी दर वर्षी सांगते, कुणी ऐकत नाही, सगळ्यांचा जीव खालीवर होतो. शेळीनं खुडला. खाली पानांच्या दोन-तीन जोड्या शिल्लक असतील तर प्रत्येक जोडीतून दोन फांद्या फुटतील, आठ-दहा दिवसांत दिसायला लागतील, फुलं आठवडा-दोन आठवडे उशिरा येतील पण दुप्पट येतील. शेळी मात्र आता बांधा, दुसऱ्यांदा खुडायची गरज नाही.