व्हिडिओ कॅमेरा घेताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगी चौथीत आहे. स्नेहसंमेलनात पालकांना मागच्या रांगांत बसवतात. माझ्या महागड्या मोबाइलवर ती ठिपक्याएवढी दिसते. आणखी भारी मोबाइल घ्यावा की हँडीकॅम? (सांगली)

उत्तर : हँडीकॅम. या कामाला मी दुसरं काही सुचवणार नाही. मोबाइलची मुख्य लेन्स, जुन्या ३५ मिलिमीटर फिल्म कॅमेऱ्याच्या हिशेबानं, साधारण २६ मिलिमीटरची धरतात. रंगमंच २० मीटरवर असेल तर तिच्या चौकटीत जवळजवळ २८ मीटर रुंदीचं दृश्य मावतं, म्हणजे आख्खा रंगमंच आणि दोन्हीकडच्या भिंती. २० पट ऑप्टिकल झूमचा हँडीकॅम त्याच खुर्चीवरून ही रुंदी दीड मीटरच्या आत आणतो. मुलगी कमरेपासून वर पडदाभर दिसते, चेहऱ्यावरचे भाव कळतात. लेन्समधली भिंगं सरकून हे घडतं, म्हणून तपशील टिकतो. खोक्यावर ठळक छापलेला '२५० एक्स' हा डिजिटल झूम. त्यात टिपलेलं चित्रच कापून ताणलेलं असतं. त्या आकड्यावर एक रुपयाही जास्त देऊ नका. मोबाइलची ५ पट टेलिफोटो लेन्स त्याच अंतरावरून साधारण सहा मीटरची चौकट देते. समूहनृत्याला ती चालेल, एकटीच्या चेहऱ्याला नाही.

मात्र हँडीकॅमची मर्यादाही ऐका. झूम लांब जावा म्हणून त्याचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चिप, करंगळीच्या नखापेक्षाही लहान ठेवतात. रंगमंचाच्या झगझगीत उजेडात ते खपून जातं, पण घरी दिवे मालवून केक कापताना चित्रात दाणे दिसतील. तिथे मोबाइलच वापरा.

संमेलनात दोन गोष्टी करा. मागचा काळा पडदा पाहून कॅमेरा चित्र उजळवतो आणि स्पॉटलाइटखालचे चेहरे पांढरेफटक पडतात, म्हणून एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा) एक-दोन पायऱ्या कमी करा. आणि तिपाई न्या. पूर्ण झूमवर कॅमेरा हातात धरला तर साधा श्वासही चित्रात उतरतो. मधल्या वाटेत तिपाई लावू देत नसतील तर एकपायी स्टँड खुर्चीशेजारी सहज मावतो.

प्रश्न : कार्ड किती जीबीचं घेऊ? (नाशिक)

उत्तर : फोर-के चित्रण सेकंदाला १०० मेगाबिटने होत असेल तर तासाला ४५ जीबी लागतात. साध्या फुल एचडीला १२-१३ जीबी पुरतात. कार्डावर 'व्ही ३०' ही खूण बघा. ते सेकंदाला किमान ३० एमबी सलग लिहितं, घरच्या वापराला पुरेसं आहे. एकाच मोठ्या कार्डापेक्षा मध्यम आकाराची दोन कार्डं मला बरी वाटतात. एक बिघडलं तरी लग्नाचा अर्धा दिवस हाती राहतो.

प्रश्न : मुलगा दिवाळीला न्यू जर्सीहून येतोय. तिथून कॅमेरा आणायला सांगू का? (पुणे)

उत्तर : सांगा, पण पैसे देण्याआधी मेनूत 'पाल' (PAL, आपल्याकडची चित्रणपद्धत) किंवा ५० हर्ट्झचा पर्याय मिळतो का, ते त्याला बघायला सांगा. आपली वीज ५० हर्ट्झची, अमेरिकेची ६०. आपल्याकडची जुन्या चोकची ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते. कित्येक स्वस्त एलईडी दिव्यांचंही तेच. तिथला कॅमेरा सेकंदाला ३० किंवा ६० चित्रं टिपतो, शटर, म्हणजे एक चित्र टिपायचा वेळ, बहुधा १/६० सेकंदावर. मेळ बसत नाही आणि चित्रातला उजेड लपलपत राहतो. बहिणीकडच्या बारशाचं सगळं चित्रण माझ्या हातून असंच गेलं. पाळण्याजवळची गाणी ऐकू येतात, पण चित्राकडे दोन मिनिटं बघवत नाही. आता ते बारसं पुन्हा होणार नाही, म्हणून इतक्या कळकळीनं लिहितोय.

पर्याय नसलेला कॅमेरा आधीच घरात असेल तर शटर हाताने १/५० किंवा १/१०० वर ठेवा, लपलप थांबते. वॉरंटी बऱ्याचदा त्या देशापुरतीच असते, तेही विचारून घ्या.

प्रश्न : आजी ८६ वर्षांची आहे. तिला जात्यावरच्या ओव्या येतात. चांगला कॅमेरा घेऊन मे महिन्यात रेकॉर्ड करायचा विचार आहे. कोणता घेऊ? (सातारा)

उत्तर : कॅमेरा घेऊ नका आणि मे महिन्याची वाटही पाहू नका. हातात आहे तो मोबाइल पुरेल. पैसे खर्च करायचेच तर कॉलरला लावायचा माइक घ्या. ओवीत ऐकायचे असतात ते शब्द, आणि ते टिपायचे तर माइक तोंडाजवळ हवा. अंतर निम्मं केलं की तिचा आवाज ६ डेसिबलनं वाढतो, पंखा आणि रस्ता मात्र होते तेवढेच राहतात. माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर पदराला लावा, पदर घासणार नाही असा. जात्याची घरघरही हवीच, तिच्यासाठी दुसरा मोबाइल जमिनीवर ठेवा. दोन्ही सुरू झाले की एक टाळी वाजवा, पुढे आवाज जुळवताना ती उपयोगी पडते.

आजीला खिडकीकडे पाठ करून बसवू नका, उजेड चेहऱ्यावर बाजूनं येऊ द्या. पंखा आणि फ्रिज बंद. मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर ऐन ओवीत कोणाचा तरी फोन येईल. पहिल्या ओवीनंतर हेडफोन लावून ऐका. आणि ओवी संपली की लगेच बटण दाबू नका. ही कोणाकडून शिकलीस, माहेरची की सासरची, असं विचारा आणि तिला बोलू द्या.

प्रश्न : २००३ ते २००९ या काळातल्या मिनी डीव्ही कॅसेटी आहेत. नवा कॅमेरा घेतला तर त्यात चालतील? (रत्नागिरी)

उत्तर : नाही. नव्या कॅमेऱ्यांना कॅसेटची सोयच नसते. ज्या कॅमेऱ्यानं चित्रण केलं तो जपून ठेवा, विशेषतः एलपी मोडमध्ये (जास्त वेळ मावावा म्हणून टेप सावकाश फिरवून) भरलेल्या कॅसेटी दुसऱ्या यंत्रात अडतात. फायरवायरचं, म्हणजे कॅमेऱ्यातून संगणकात चित्रण उतरवायच्या तारेचं, सॉकेट असलेला जुना लॅपटॉप मिळवा. त्या तारेतून कॅसेटवरची मूळ डिजिटल नोंद जशीच्या तशी उतरते, तासाभराच्या कॅसेटला १३ जीबी लागतात. पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांच्या तारेनं उतरवलं तर चित्राचा कस कमी होतो.

तुमच्याकडची हवा दमट, म्हणून प्रत्येक कॅसेट आधी उजेडात धरून खिडकीतून टेपची कड बघा. पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट कॅमेऱ्यात घालू नका. बुरशी टेप वाचणाऱ्या हेडला चिकटते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटींनाही लागते. ती बाजूला काढा, टेप साफ करून देणाऱ्याकडे द्या, आणि स्वच्छ असलेल्या कॅसेटी या पावसाळ्याआधी उतरवून घ्या.