पुस्तिका बदलायची, गाभा नाही

मोठी बहीण म्हणून सांगते, नैराश्यावरच्या समुपदेशनाची पुस्तिका हातात आली की ती शब्दशः वाचून दाखवू नकोस. गोव्यातल्या 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्रॅम'ची चाचणी झाली, 2017 साली ती 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. समुपदेशक तुझ्यासारखेच, मानसोपचाराची पदवी नसलेले. तरी 6 ते 8 बैठकांत, नुसत्या नेहमीच्या उपचारापेक्षा जास्त माणसं तीव्र नैराश्यातून सावरली. ती कशामुळे, हे आधी समजून घे: मन लागो न लागो, छोटंसं काम ठरवायचं, करायचं, पुढच्या भेटीत त्यावर बोलायचं. याला हात लावायचा नाही.

बाकी बदल. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात काजूच्या मोसमात बाई दिवसभर बागायतीत असते. तिला सकाळी अकराला केंद्रावर बोलावून मग वहीत 'सहकार्य नाही' लिहितात, त्याचा मला फार राग येतो. संध्याकाळी तिच्याकडे जा. पडवीत सासू बसली असेल तर माडाखाली बोला.

एका बाईला लिहिता येत नव्हतं. गृहपाठाचा तक्ता तिने कोराच परत दिला. मग ठरवलं, तुळशीला पाणी घातलं की कॅलेंडरच्या त्या तारखेवर कुंकवाचं बोट लावायचं. पुढच्या भेटीत पाच बोटं होती. काय आनंद झाला मला!

'डिप्रेशन' हा शब्द आधी काढू नकोस. 'टेन्शन', 'झोप येत नाही' इथून सुरुवात कर. गणेशचवथीच्या आठवड्यात भेट ठेवू नकोस. आणि काय बदललंस, का बदललंस, ते त्याच दिवशी तारखेसह लिहून ठेव.