एक्स्टेंशन गेलेली ऑडिओ फाइल कोणत्या फॉरमॅटची आहे, हे सुरुवातीच्या बाइट्सवरून कसं ओळखायचं?

मेमरी कार्डातून रिकव्हर केलेल्या फायलींची एक्स्टेंशन उडाली आहेत, आणि सगळ्यांना एमपी३ नाव दिलं तर निम्म्या वाजतच नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. नावं बदलून बघण्यात वेळ घालवू नका. फायलींची कॉपी काढा आणि कॉपीचे पहिले ६४ बाइट बघा. विंडोजवर एचएक्सडी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे, लिनक्स आणि मॅकवर एक्सएक्सडी ही कमांड. खालचे बाइट हेक्समध्ये (० ते ९ आणि ए ते एफ वापरून लिहिलेली सोळाच्या पायाची संख्या) दिलेत आणि जागा शून्यापासून मोजली आहे.

सोपे आधी. ६६ ४सी ६१ ४३ म्हणजे फ्लॅक. २३ २१ ४१ ४डी ५२ म्हणजे एएमआर, जुन्या फोनवरची रेकॉर्डिंग बहुधा हीच. ४एफ ६७ ६७ ५३ म्हणजे ऑग. पण ते नुसतं वेष्टन; आत व्हॉर्बिस आहे की ओपस (आवाज साठवायच्या दोन पद्धती), ते जागा २८ पासून उजवीकडच्या अक्षरांच्या रकान्यात वाचता येतं. व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोट्स ऑगमधल्या ओपस असतात.

५२ ४९ ४६ ४६ दिसलं की लगेच वेव्ह म्हणू नका. एव्हीआय व्हिडिओ आणि वेबपी चित्रंही याच चार बाइट्सनी सुरू होतात. जागा ८ ला ५७ ४१ ५६ ४५ असेल तरच ती वेव्ह. साध्या वेव्हमध्ये जागा २० ला ०१ ०० म्हणजे पीसीएम, म्हणजे न दाबलेला आवाज. ५५ ०० असेल तर वेव्हच्या वेष्टनात एमपी३ भरलेली आहे.

जागा ४ ला ६६ ७४ ७९ ७० असेल तर ती एमपी४ कुळातली: एमफोरए, थ्रीजीपी वगैरे. इथे एक अडचण नेहमी येते. हेडर (सुरुवातीचा ओळख सांगणारा भाग) अगदी बरोबर, तरी फाइल वाजत नाही. रेकॉर्डिंग मध्येच तुटलं की 'एमओओव्ही' हा भाग लिहायचा राहून जातो, आणि त्याच्याशिवाय प्लेअरला आतला आवाज कुठून कुठे आहे ते कळत नाही. एक्स्टेंशन बदलून हे सुटत नाही. त्याच फोनची, त्याच सेटिंगची धड फाइल नमुना म्हणून देऊन अनट्रंकसारख्या टूलने दुरुस्ती करून बघावी लागते.

सर्वात जास्त फसगत एमपी३मध्ये होते. ४९ ४४ ३३ हा आयडी३ टॅग (गाण्याचं नाव, गायक वगैरे माहिती) आहे, ऑडिओ नव्हे. काही फ्लॅक फायलींनाही तो पुढे चिकटवलेला सापडतो. म्हणून टॅग ओलांडून पुढे बघायचं. त्याची लांबी जागा ६ ते ९ मध्ये असते, पण प्रत्येक बाइटचे सातच बिट धरायचे. समजा तिथे ०० ०० १एफ ७६ आहे. सरळ वाचलं तर ८०५४ येतात आणि तुम्ही भलतीकडेच पोचता. १एफ म्हणजे ३१ आणि ७६ म्हणजे ११८, तेव्हा बरोबर हिशेब ३१ गुणिले १२८ अधिक ११८, म्हणजे ४०८६. त्यात हेडरचे १० मिळवले की ४०९६. ऑडिओ तिथून सुरू.

तिथे (टॅग नसेल तर फाइलच्या सुरुवातीलाच) एफएफ एफबी, एफएफ एफए किंवा एफएफ एफ३ असेल तर एमपी३; एफएफ एफ१ किंवा एफएफ एफ९ असेल तर एएसी. तरीही दोन बाइट्सवर माझा विश्वास नसतो. एफएफ एफई या अशाच दिसणाऱ्या जोडीने युनिकोड टेक्स्ट फाइलही सुरू होते. पुढची फ्रेम (एमपी३मधला आवाजाचा एक छोटा तुकडा) शोधा. एफएफ एफबी ९० म्हणजे १२८ केबीपीएस, ४४,१०० हर्ट्झ. फ्रेमची लांबी १४४ गुणिले १,२८,००० भागिले ४४,१००, म्हणजे ४१७ बाइट. तिसरा बाइट ९२ असेल तर एक जादा, ४१८. तेवढ्या अंतरावर पुन्हा एफएफ एफबी मिळालं, आणि त्यानंतरही तसंच, की निर्धास्तपणे एमपी३ नाव द्या.

पहिल्या काही केबीमध्ये नुसती शून्यं असतील तर हेडर गेलेला आहे. मग वरची एफएफ एफबीची जोडी फाइलमध्ये पुढे शोधा. एमपी३ असेल तर तिथपासूनचा भाग कापून घेतला तरी वाजतो, कारण तिच्या प्रत्येक फ्रेमला स्वतःचा हेडर असतो. एमफोरएच्या बाबतीत ही सोय नाही.