पहिल्यांदा टीम हातात येते तेव्हा

अगं, प्रमोशनबद्दल अभिनंदन! आता एक विचारते. कोणी "काय करतेस?" म्हटलं की तू आधी पद सांगतेस की काम? ऐरोलीत मी पहिल्यांदा टीम घेतली तेव्हा माझी सगळी ओळख 'मॅनेजर' या एका शब्दात अडकली होती. एकदा डिलिव्हरी चुकली. क्लायंटच्या कॉलवर मी सरळ म्हणाले, "टीमकडून राहिलं." खरं तर अंदाज माझाच चुकला होता. कोणी काही बोललं नाही, पण पुढचे दोन महिने प्रत्येक अडचण माझ्यापर्यंत शिळी होऊनच पोचायची.

ब्राउन, ट्रेव्हिनो आणि हॅरिसन या संशोधकांनी २००५ मध्ये नैतिक नेतृत्वाची जी व्याख्या मांडली, तिच्यात स्वतःचं वागणं आहेच. शिवाय दुतर्फा संवाद आणि निर्णय घेण्याची पद्धतही आहे. म्हणजे मनातून सचोटीची असून भागत नाही, ते टीमला दिसावं लागतं. (भिडेपोटी गप्प बसणारे भले मॅनेजर आपल्याकडे काही कमी नाहीत.)

तेव्हा मीटिंगमध्ये सगळ्यांत ज्युनिअरला आधी बोलू दे. वाईट बातमी घेऊन कोणी आलं, तर तुझं पहिलं वाक्य "बरं झालं सांगितलंस" हेच असू दे. वरून "आकडा जरा बरा दाखव" असं आलं तर तोंडी हो म्हणू नकोस, मेलवर विचार. बहुतेकदा उत्तरच येत नाही.

आणि हो, ठाण्याच्या लोकलमध्ये टीमबद्दल बोलू नकोस. त्या डब्यात अर्धं ऑफिस असतं.